खुर्ची, घड्याळ आणि पायांची पॉवर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात खुर्चीतून पाच वेळा उठून-बसून पायांच्या स्नायूंची पॉवर काढायची पद्धत थोडक्यात दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि मागचा अंक हाताशी नसणाऱ्यांसाठी पूर्ण कृतीही पुन्हा दिली आहे.

प्रश्न : माझी आई 74 वर्षांची आहे. तपासणीत तिच्या पायांची ताकद ‘पाचपैकी पाच’ आली. तरी सोफ्यावरून उठताना ती दोन-तीनदा पुढे झोके घेते आणि मगच उठते. ताकद पुरेशी असेल तर असं का व्हावं?

उत्तर : त्या तपासणीत आईंनी पाय ताणून धरला आणि तपासणाऱ्याने तो हाताने दाबून पाहिला. 0 ते 5 ही श्रेणी मज्जातंतूला इजा झाली आहे का, पक्षाघातानंतर किती ताकद परत आली, असल्या प्रश्नांसाठी आहे आणि तिथे ती उत्तम काम करते. पण मांडीचा पुढचा स्नायू शरीरातल्या सर्वांत दांडग्या स्नायूंपैकी एक. त्याच्यापुढे तपासणाऱ्याचा हातच आधी हरतो. त्यामुळे पूर्वीच्या मानाने बरीच ताकद गेलेल्या माणसालाही पाच गुण मिळून जातात.

शिवाय त्या तपासणीत वेळेचा हिशेब कुठेच नाही. पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग, आणि ती वॅटमध्ये मोजतात. स्नायूला आपला सगळा जोर उभा करायला 0.3 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो. पाय अडखळला तर सावरण्यासाठी तेवढी उसंत मिळेलच असं नाही. वय वाढतं तसे झपाट्याने आखडणारे स्नायुतंतू आधी आणि जास्त बारीक होतात, म्हणून ताकदीच्या मानाने पॉवर लवकर घसरते. झोका घेऊन उठणं म्हणजे धडाला मिळालेला वेग पायांच्या मदतीला घेणं. युक्ती म्हणून ती वाईट नाही, पण पाय एकटे वेळेत काम उरकत नाहीत एवढं त्यावरून कळतं. मात्र मऊ, खोल सोफ्यावरून अंदाज बांधू नका. तिथे गुडघे खुब्यांच्या वर जातात आणि धडधाकट माणूसही झोका घेतो. कडक बैठकीच्या खुर्चीवर बसवून पाहा.

प्रश्न : घरी मोजायचं तर नेमकं काय लागतं आणि वॅटचा आकडा काढायचा कसा?

उत्तर : हात नसलेली, कडक बैठकीची, वजनदार खुर्ची, टेप, वजनकाटा, फोनमधलं स्टॉपवॉच आणि बाजूला उभं राहायला एक माणूस. हलकी प्लास्टिकची खुर्ची टाळा. जोरात बसताना तिचे पाय फाकतात, उठताना ती मागे सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा.

बैठकीची उंची जमिनीपासून मोजा, पण पुढच्या कडेला नको. बऱ्याच खुर्च्यांची बैठक मागे उतरती असते, म्हणून माणूस प्रत्यक्ष जिथे टेकतो तिथली उंची घ्या. चाचणीसाठी सहसा 43 ते 45 सेंटिमीटरची खुर्ची वापरतात. तुमची 44.5 असेल तर 44.5 लिहा, 45 करू नका. गादी किंवा उशी काढून टाका.

पादत्राणं सपाट तळव्याची असावीत किंवा सरळ अनवाणी करा, पण पुढच्या वेळीही तेच ठेवा. बैठकीच्या मधोमध बसायचं, पाठ टेकायची नाही, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायच्या, हात छातीवर घडी घालून. आधी दोनदा सावकाश उठून-बसून बघायचं. मग ‘सुरू’ म्हणताच स्टॉपवॉच चालू करायचं आणि समोरच्याने होईल तितक्या वेगाने पाच वेळा उठायचं-बसायचं. प्रत्येक वेळी गुडघे आणि खुबे पूर्ण सरळ झाले पाहिजेत, आणि खाली येताना बूड बैठकीला नीट टेकलं पाहिजे. मोजणी तपासणाऱ्याने मोठ्याने करायची. पाचव्यांदा बूड टेकलं की स्टॉपवॉच बंद. दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा एकदा, आणि दोन्हींतली कमी वेळ धरायची. मदतनीसाने बाजूला, किंचित पुढे उभं राहावं. अगदी समोर उभं राहिलं तर माणूस पुढे वाकायला बिचकतो आणि वेळ वाढते.

आता हिशेब. समजा वजन 64 किलो, उंची 1.58 मीटर, खुर्ची 0.43 मीटर आणि पाच वेळांना लागले 12 सेकंद.

वजन गुणिले 0.9 गुणिले 9.81 : 64 × 0.9 × 9.81 = 565. हे झालं न्यूटनमध्ये उचललेलं वजन. पोटऱ्या आणि पावलं जमिनीपाशीच राहतात, ती उचलावी लागत नाहीत, म्हणून 0.9.

उंचीच्या निम्म्यातून खुर्चीची उंची वजा : 0.79 − 0.43 = 0.36 मीटर. पायांची लांबी उंचीच्या साधारण निम्मी धरून, शरीर किती वर गेलं त्याचा हा अंदाज.

दोन्हींचा गुणाकार : 565 × 0.36 = 203 ज्यूल. एकदा उठायचं काम एवढं.

एकदा उठायची वेळ : 12 भागिले 5 = 2.4 सेकंद. त्यातला अर्धा वेळ उठण्याचा, अर्धा बसण्याचा, म्हणून 1.2 सेकंद.

शेवटी 203 भागिले 1.2, म्हणजे 169 वॅट. याला वजनाने भागलं की 2.65 वॅट प्रतिकिलो. तुलनेसाठी हाच आकडा पाहायचा. वयस्कर पुरुषांत साधारण अडीच आणि स्त्रियांत साधारण दोन वॅट प्रतिकिलोच्या खाली गेलेल्यांना चालणं, जिने चढणं जड जाऊ लागलेलं दिसतं. याच व्यक्तीला 12 ऐवजी 15 सेकंद लागले असते तर उत्तर 2.12 आलं असतं.

हे सूत्र खुलियन अल्कासार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये मांडलं. त्यात एक गृहीतक आहे, ते विसरू नका : उठायला आणि बसायला सारखाच वेळ लागतो. जे धपकन खाली बसतात त्यांचा एकूण वेळ कमी भरतो, आणि ती बचत सूत्र उठण्याच्या खात्यात जमा करतं. आकडा फुगतो.

प्रश्न : वडिलांची वेळ सोमवारी 11.2 सेकंद आली आणि शुक्रवारी 13.6. चार दिवसांत एवढी घसरण होते का?

उत्तर : स्नायू चार दिवसांत एवढे खचत नाहीत. मोजण्यात काहीतरी बदललं असणार, किंवा तब्येतीत. आधी मोजण्याकडे पाहू.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो घड्याळ कधी थांबवायचं यावरून. काही तक्त्यांत पाचव्यांदा उभं राहिल्यावर थांबवतात, आम्ही वर पाचव्यांदा बसल्यावर थांबवायला सांगितलं आहे. पहिल्या पद्धतीत शेवटचं बसणं मोजलंच जात नाही, म्हणजे साडेचार फेऱ्यांची वेळ मिळते आणि सूत्र ती पाच फेऱ्यांची समजतं. पॉवर साधारण 11 टक्के जास्त दिसते. एकदा अशी, एकदा तशी वेळ घेतली तर घरबसल्या ‘घसरण’ तयार होते.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे अर्धवट उठणं. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून गुडघे थोडे वाकलेलेच राहतात, बूड बैठकीला जेमतेम शिवतं, आणि वेळ छान येते. सोमवारी असं झालं असेल तर खरा आकडा शुक्रवारचा. फोन बाजूला, बैठकीच्या उंचीवर, दोन-तीन मीटर अंतरावर ठेवून व्हिडिओ घ्या. खुबे पूर्ण सरळ झाले का ते पाहायला याहून खात्रीचा मार्ग नाही.

मग खुर्ची. वरच्या उदाहरणात खुर्ची 1 सेंटिमीटरने चुकीची धरली तर उत्तर जवळजवळ 3 टक्क्यांनी हलतं. दुसरी खुर्ची वापरून जुनीच उंची सूत्रात घातली तर 5-6 टक्के सहज इकडचे तिकडे होतात. त्या मानाने बोटाने स्टॉपवॉच दाबायची चूक किरकोळ. 12 सेकंदांत 0.2-0.3 सेकंदांचा फरक म्हणजे दोन-अडीच टक्के.

आणि हे सगळं जसंच्या तसं असेल तर झोप झाली होती का, गुडघा सुजला होता का, ताप येऊन गेला का, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी नवी सुरू झाली का, हे विचारा. सुरुवातीलाच एका आठवड्यात वेगवेगळ्या तीन दिवशी मोजून ठेवावं असं आमचं मत आहे. त्या तीन आकड्यांत जेवढा फरक येतो तो तुमच्या घरच्या मोजणीतला नेहमीचा हेलकावा. पुढे कधी त्याहून मोठा बदल दिसला तरच त्याला अर्थ.

प्रश्न : एका तक्त्यात 15 सेकंद ही मर्यादा दिली आहे, दुसऱ्यात 12. खरी कोणती? आणि वेळ माहीत असताना वॅटची भानगड कशाला?

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत, दोन वेगळ्या गटांच्या आहेत. वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेबद्दल युरोपीय तज्ज्ञगटाने 15 सेकंदांपेक्षा जास्त वेळ ही कमी ताकदीची खूण मानली. आशियाई गटाने 2019 मध्ये 12 सेकंद किंवा जास्त ही हालचालींची क्षमता घटल्याची खूण मानली.

वॅटची ‘भानगड’ कशाला, ते उंचीच्या उदाहरणावरून दिसतं. 43 सेंटिमीटरच्या एकाच खुर्चीवरून दोघं जण 12 सेकंदांत पाच वेळा उठले. एकाची उंची 1.78 मीटर, दुसऱ्याची 1.50. पहिल्याचं शरीर दर वेळी 46 सेंटिमीटर वर गेलं, दुसऱ्याचं 32. वेळ तीच, पण पहिल्याची पॉवर 3.38 वॅट प्रतिकिलो आणि दुसऱ्याची 2.35. नुसतं घड्याळ पाहणाऱ्याला दोघं सारखेच वाटतील.

उंचीवरूनच एक सूचना. पाठीला बाक आला की मोजलेली उंची कमी होते, पाय मात्र तेवढेच लांब असतात. उंची 4 सेंटिमीटर कमी भरली तर सूत्रातली चढण 2 सेंटिमीटर घटते आणि 5 टक्क्यांहून जास्त पॉवर कागदावरच नाहीशी होते. म्हणून पहिल्या वेळी मोजलेली उंचीच पुढेही वापरा. बाक आधीपासूनच असेल तर तारुण्यातली उंची आठवत असल्यास ती घ्या आणि तशी नोंद करा.

प्रश्न : तीन महिन्यांत माझं वजन 64 वरून 59 किलो झालं. वेळ तीच, 12 सेकंद. पण वॅट 169 वरून 156 झाले. पॉवर कमी झाली का?

उत्तर : एकूण वॅट कमी झाले हे खरं, कारण उचलायचं वजनच कमी झालं. प्रतिकिलो आकडा 2.65 होता तो 2.65च आहे. सूत्र नीट पाहिलंत तर प्रतिकिलो पॉवर काढताना वजन वरून आणि खालून दोन्हीकडून निघून जातं. तिथे उरतात फक्त उंची, खुर्ची आणि वेळ.

पण तुम्ही विचारलं नाहीत ते आम्ही सांगतो. 5 किलो हलकं झाल्यावर त्याच पायांनी थोडं तरी लवकर उठता यायला हवं होतं. तसं झालं नाही, म्हणजे चरबीबरोबर स्नायूही गेला असण्याची शक्यता आहे. वजन मुद्दाम उतरवलं असेल तर आहारातली प्रथिनं आणि जोराचे व्यायाम यांकडे लक्ष द्या. आपोआप उतरलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सासऱ्यांना हाताचा आधार न घेता उठताच येत नाही. त्यांची पॉवर कशी मोजायची?

उत्तर : हाताने रेटून घेतलेली वेळ या सूत्रात घालू नका. किती भार हातांनी उचलला ते कळत नाही, त्यामुळे उत्तर निरर्थक येतं. हाताशिवाय एकदाही उठता न येणं हीच नोंद आहे, ती तशीच लिहा.

उंच बैठक वापरून पाहता येते. 50 सेंटिमीटरवरून जमतं का, 55 वरून जमतं का? ज्या सर्वांत कमी उंचीवरून हाताशिवाय एकदा उठता आलं ती उंची लिहून ठेवा. व्यायामाने ती महिन्या-दोन महिन्यांत खाली येते का, हे पाहणं वॅटपेक्षा उपयोगी. उंची वाढवायला खुर्चीच्या पायांखाली विटा ठेवू नका. बैठकीवर कडक फळी बसवा आणि ती पक्की बांधा. उठणं-बसणं जमतं पण पाच पूर्ण होत नाहीत, अशांसाठी 30 सेकंदांत किती वेळा उठता आलं ते मोजतात. सूत्र तेच, फक्त एका फेरीची वेळ म्हणजे 30 भागिले फेऱ्या. 30 वा सेकंद संपताना माणूस निम्म्याहून जास्त उठलेला असेल तर ती फेरी पूर्ण धरतात. धडधाकट माणसाला मात्र 30 सेकंद लावले तर शेवटी दमसास मोजला जातो, म्हणून त्यांना पाचचीच चाचणी बरी.

प्रश्न : घरी हिशेब केला तर 2.4 वॅट प्रतिकिलो आले. क्रीडावैद्यक केंद्रात उडी मारून मोजलं तर अहवालात 24 वॅट प्रतिकिलो! दशांश चिन्ह चुकलं का?

उत्तर : चिन्ह बरोबर आहे. खुर्चीच्या सूत्रातून निघते ती संपूर्ण उठण्याच्या काळातली सरासरी, आणि तीही अंदाजाने. फोर्स प्लेटवरच्या, म्हणजे पायांनी जमिनीवर दिलेला जोर नोंदणाऱ्या पाटीवरच्या, उडीत मोजतात तो पॉवरचा शिखरबिंदू, म्हणजे पाय जमीन सोडायच्या जरा आधीचा एक क्षण. उडीत संपूर्ण शरीर वेगाने वर फेकलं जातं, खुर्चीत ते उभं राहून थांबतं. आकडा दहापट दिसणं यात नवल नाही. दोन्हींची तुलना करू नका, एकाची मर्यादा दुसऱ्याला लावू नका.

प्रश्न : मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे. वयस्करांसाठी प्रयोगशाळेतलं कोणतं साधन निवडावं?

उत्तर : एका पायाची पॉवर हवी असेल आणि माणूस अशक्त असेल, तर नॉटिंगहॅम रिग. बॅसी आणि शॉर्ट यांनी 1990 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. बसून एका पायाने पेडल पुढे ढकलायचं, त्याने जड चाक फिरतं आणि चाकाच्या शेवटच्या वेगावरून त्या एका ढकलण्याची सरासरी पॉवर निघते. सगळं एका सेकंदाच्या आत संपतं. उभं राहावं लागत नाही, तोल जायची भीती नाही. चूक होते ती बैठक लावण्यात. पेडल पूर्ण दाबलं गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. बैठक लांब असली तर पाय शेवटपर्यंत पोहोचत नाही, जवळ असली तर सुरुवातीलाच गुडघा दुमडून दुखतो. दोन-तीन प्रयत्नांत थांबू नका. आकडा वाढायचा थांबेपर्यंत ढकलायला सांगा, पहिल्या काही प्रयत्नांत माणूस तंत्रच शिकत असतो. डावा आणि उजवा वेगळे लिहा. पडण्याच्या दृष्टीने दुबळा पाय महत्त्वाचा, दोन्हींची बेरीज ते झाकून टाकते.

हवेच्या दाबावर चालणारा लेग प्रेस, म्हणजे बसून पायांनी भार ढकलायचं यंत्र, संशोधनात बराच वापरतात. एकदाच उचलता येईल अशा जास्तीत जास्त भाराच्या 40 आणि 70 टक्क्यांवर होईल तितक्या वेगाने ढकलायला लावतात. 40 टक्क्यांवर वेगाची कमतरता उघडी पडते, 70 वर जोराची. दोन्ही घेतल्याशिवाय माणूस कुठे कमी पडतो ते कळत नाही. लोखंडी वजनांच्या यंत्रावर हे करू नका. वेगाने ढकललेलं वजन पुढे आपोआप उसळतं आणि मोजमाप बिघडतं.

गुडघ्याची गती बांधून मोजणारी यंत्रं एका सांध्याचं चित्र उत्तम देतात, पण 60 अंश प्रतिसेकंद हा वेग खुर्चीतून चटकन उठण्याच्या मानाने संथ आहे. निदान 180 चं मापही घ्या. फोर्स प्लेटवर उडीआधी किमान एक सेकंद अगदी स्थिर उभं राहणं आवश्यक. त्या सेकंदात वजन नीट नोंदलं गेलं नाही की पुढचे सगळे आकडे सरकतात.

प्रश्न : खुर्चीऐवजी जिना चालेल का?

उत्तर : चालेल, पण फक्त चढताना आणि कठडा हाताशी असताना. एका पायरीची उंची मोजून पायऱ्यांच्या संख्येने गुणा. 16 सेंटिमीटरच्या 10 पायऱ्या म्हणजे 1.6 मीटर. 70 किलोच्या माणसाने त्या 5.5 सेकंदांत चढल्या तर 70 × 9.81 × 1.6 भागिले 5.5, म्हणजे 200 वॅट. इथे पूर्ण वजन घेतात, 0.9 नाही. कठडा धरून ओढलं तर मोजणी बाद, हात नुसता जवळ ठेवायचा. वेळ थोडी असल्याने स्टॉपवॉचची 0.3 सेकंदांची चूक इथे 5 टक्क्यांहून जास्त जाते. घाईने पाय चुकण्याचा धोकाही जास्त. आमची पसंती खुर्चीलाच.

प्रश्न : कोणी ही चाचणी करू नये? आणि किती दिवसांनी पुन्हा मोजावं?

उत्तर : छातीत दुखणं, नव्याने लागलेली धाप, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, अलीकडे झालेलं खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, मणक्याचं ताजं फ्रॅक्चर, आटोक्यात नसलेला रक्तदाब : यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधेच दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं, पाच पूर्ण करायचा हट्ट नको.

व्यायाम सुरू केला असेल तर 8 ते 12 आठवड्यांनी मोजा. दर आठवड्याला मोजलं तर चाचणीचाच सराव होतो. पॉवर वाढवणाऱ्या व्यायामात वर येताना शक्य तितका वेग आणि खाली जाताना दोन-तीन सेकंद घेऊन सावकाश, असा क्रम असतो. त्याचा एक परिणाम नोंदीत दिसतो : रोज सावकाश बसायची सवय लागलेला माणूस चाचणीतही सावकाश बसतो, पॉवर वाढूनही एकूण वेळ तेवढीच राहते. म्हणून मोजायच्या दिवशी ‘आज बसतानाही वेगाने’ असं आधीच सांगा, आणि व्हिडिओ असेल तर बूड सुटल्यापासून पूर्ण सरळ होईपर्यंतची वेळ वेगळी काढून तीही लिहा.